एकट्यानं फाडायचं लाकूड

"चलानेवाले कितने आदमी हैं, काका?" दुकानदारानं पहिलाच प्रश्न असा टाकला.

"एक," मी म्हणालो.

"और दुसरे बाजूकू?"

"दुसऱ्या बाजूला कोणी नाय. असतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो?"

आवाज चढलाच माझा. फवारणीचा पंप घ्यायला आलेली दोन माणसं वळून बघायला लागली. दुकानदार मात्र चिडला नाही. जाडजूड माणूस, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान. "पहले बैठो तो सही," म्हणाला आणि पायानंच स्टूल माझ्याकडं सरकवलं.

शहरात गुलमंडीच्या बाजारामागच्या गल्लीतलं ते दुकान. पाण्याच्या मोटारी, कडबा कुट्टी, पाइपांची वेटोळी, आणि भिंतीला ओळीनं टांगलेल्या चेनसॉ. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: चेनसॉ म्हणजे पेट्रोलवर चालणारी करवत. मागं इंजिन, पुढं लांब लोखंडी पट्टी, आणि त्या पट्टीभोवती दात असलेली चेन गरगर फिरते. लोक ती झाड आडवं कापायला घेतात. मला आडवं कापायचं नव्हतं. मला एक ओंडका जागच्या जागी उभा फाडून त्याच्या फळ्या काढायच्या होत्या. त्यासाठी पट्टीला एक चौकट आवळतात, म्हणजे फळीची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी येते. त्या चौकटीला दोन मुठी असतात. एक इंजिन धरणाऱ्यासाठी, दुसरी समोरच्यासाठी. म्हणून तो प्रश्न. प्रश्न बरोबरच होता, पण मला झोंबला.

ओंडका लिंबाचा. आमच्याकडं लिंब म्हणजे कडुनिंब, सरबताचं लिंबू नव्हे. शहरातल्या लोकांना हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. शेंद्र्याला आमचं शेत आहे. शेत म्हणावं इतकं आता उरलेलं नाही, बरंचसं औद्योगिक वसाहतीत गेलं. राहिलं त्यात एक घर, एक विहीर आणि ज्वारीचा तुकडा. विहिरीवरचा लिंब एका वर्षी वावधानात पडला. वावधान म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी सुटतं ते वेडं वारं, पत्रे उडवणारं. झाड मुळासकट आडवं झालं आणि तसंच पडून राहिलं, कारण त्याला बाहेर काढायला वाटच नव्हती. गाडीवाट होती ती एका कंपनीच्या कंपाउंडच्या भिंतीत गेली. आता भिंतीच्या कडेनं मोटारसायकल जाईल एवढी पायवाट आहे. आरागिरणीचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, तुकडे करून ठेवा, डोक्यावर वाहून नेतो.

"तुकडे करायचे असते तर चुलीत नसतं घातलं?" माझी बायको त्याला म्हणाली. तो चहा न पिताच गेला.

ती सुताराची लेक. मी कुणब्याचा. आमचं लग्न कसं झालं ती गोष्ट वेगळी आणि ती मी इथं सांगणार नाही. सांगायचं ते एवढंच, की लाकडातलं तिला कळायचं आणि इंजिनातलं मला. वाळूजला दुचाकीच्या कारखान्यात मी नोकरी काढली, सगळी लाइनच्या शेवटी. तयार झालेलं इंजिन चालू करायचं, ऐकायचं, आणि पास की नापास ते सांगायचं. पुढं यंत्रं आली मोजायला, तरी साहेब लोक खात्री करायला मलाच बोलवायचे. मी कानाचा पक्का. आणि बायको म्हणायची, "कान एवढा चांगला आहे, मग माझं बोलणं तेवढं कसं ऐकू येत नाही हो तुम्हाला?"

तिला त्या लिंबाचं तखत करायचं होतं. साधं नाही, चांगलं मोठं, सहा माणसं ओळीनं झोपतील असं. उन्हाळ्यात लेक पोरांना घेऊन पुण्याहून यायची तेव्हा अंगणात सगळ्यांची अंथरुणं जमिनीवर पडायची, आणि आमच्याकडं विंचू लई. रात्रभर ही बॅटरी घेऊन उठबस करायची. म्हणून तखत पाहिजे, आणि तेही रुंद फळ्यांचं. अरुंद फळ्यांच्या सांध्यात पोरांच्या कातडीला चिमटा बसतो, म्हणायची. लिंबाला कीड लागत नाही, ढेकूण होत नाही, आणि उन्हाळ्यात अंगाला गार लागतं. तिनं त्या ओंडक्याची साल काढायला लावली, खाली दगड सरकवून तो जमिनीपासून उचलून ठेवला, त्याच्याभोवती सुतळी फिरवून माप घेतलं आणि सुतळी घडी घालून ओट्यावरच्या खिळ्याला अडकवली. "दोन उन्हाळे वाळू द्या," म्हणाली. "मग फाडू."

फाडू म्हणजे आम्ही दोघं. तिच्या बापाची मोठी करवत होती घरात, अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्याही आधीची. दोन माणसांची करवत. लाकूड उंच घोडीवर चढवायचं, एकानं वर उभं राहायचं, एकानं खाली. बारीकसारीक लाकडं आम्ही तशी लई फाडली. ती वर, कारण रेघ तिला दिसायची. मी खाली, भुसा खात. रस्त्यानं जाणारे हसायचे, बाई वर आणि गडी खाली म्हणून. ती करवत ओढायची असते, ढकलायची नसते. आपली पाळी झाली की हात सैल सोडायचा आणि समोरच्याला ओढू द्यायचं. मला ते शिकायला फार दिवस लागले. मी ढकलायचो, पातं वाकायचं, आणि वरून शिव्या यायच्या.

दुसरा उन्हाळा लागायच्या आत ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि परत आणली ती तशी. याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. लिहायला बसलो की राग येतो, आणि कुणावर काढायचा तेच कळत नाही.

हे रागाचं सांगतो. मी जन्माचा तापट. भाजीत मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा माणूस मी, आणि ती ताट परत पुढं सरकवणारी. ती गेल्यावर पहिल्या महिन्यात मी स्वतः भाजी केली, मीठ विसरलो, ताट सरकवलं. ताट तिथंच राहिलं. बराच वेळ मी त्याच्याकडं बघत बसलो, मग उठून मीठ घेतलं. रागावायलासुद्धा माणूस लागतं. भिंतीवर किती ओरडणार? सकाळी कंपनीचा भोंगा व्हायचा, बसमधून पोरं उतरायची, भिंतीपलीकडं नुसता गलका. मग पाळी सुरू झाली की सगळं आत जायचं आणि अलीकडं मी आणि तो ओंडका. मी ओंडक्याकडं जातच नव्हतो. ओट्यावरून दिसायचा, तेवढं बस्स होतं.

लेकीचा दर रविवारी फोन. "अण्णा, पुण्याला या." मी म्हणायचो, नाय. ती म्हणायची, का नाय? मग आमचं भांडण, मग फोन ठेवणं, मग पुढचा रविवार. संक्रांतीला ती आली तेव्हा घरात शिरल्या शिरल्या तिला जळालेलं दुधाचं पातेलं दिसलं. मग कोळ्याची जाळी दिसली. मग माझा वाढलेला दाढीचा खुंट. रडली आधी, आणि मग आईवर गेलेली असल्यामुळं ओरडली.

"पावसाळ्याच्या आत मी न्यायला येणार आहे तुम्हाला. ही जागा विकून टाकू. एकट्यानं काहीही होत नाही तुमच्याच्यानं."

"काहीही?"

"काहीही!"

माझा हात दारातून बाहेर ओंडक्याकडं गेला. कसा गेला मला माहीत नाही. "ते लाकूड मी एकट्यानं फाडून दाखवलं तर?"

तिनं बघितलं. तिला माहीत होतं ते कुणाचं लाकूड आणि कशासाठी ठेवलेलं. "तर मी पुन्हा पुण्याचं नाव काढणार नाही," ती म्हणाली. "पण एकट्यानं. गडी लावायचा नाही, शेजाऱ्याला बोलवायचं नाही. आणि नाही जमलं तर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

"बसतो," मी म्हणालो.

तर असा मी त्या दुकानात जाऊन पोचलो. दोन माणसांची करवत एकट्याच्या कामाची नाही. एकट्याला चालेल अशी करवत म्हणजे हीच, इंजिनची.

दुकानदारानं एकेक मशीन उतरवून दाखवली. विजेवर चालणारी दाखवली, ती मी हातातसुद्धा घेतली नाही. विहिरीपर्यंत वायर कोण ओढणार, आणि आमच्याकडची लाइट म्हणजे मर्जीची मालकीण. मग पेट्रोलवरच्या. मी म्हणालो, चालू करून दाखव. तो म्हणाला, दुकानात धूर होईल. मी म्हणालो, मग गल्लीत चल. गल्लीत त्यानं एकामागून एक दोऱ्या ओढल्या आणि मी डोळे मिटून ऐकत उभा राहिलो. लई दिवसांनी मला माझ्या कामाचं काहीतरी मिळालं होतं. टू-स्ट्रोक इंजिनाचा आवाज आता रस्त्यावर ऐकायला मिळत नाही. पहिली घोगरी, नापास. दुसरी बरी, पण रेस सोडली की अडखळायची. तिसरी थोरली, भलीमोठी, आणि आवाज असा खडखडीत की लाइनवर असती तर मी परत पाठवली असती. चौथी धाकटी चालू झाली आणि मला हसू आलं. एकसारखा, स्वच्छ आवाज, कुठं किणकिण नाही.

"ही," मी म्हणालो.

"लकडी की मोटाई कितनी है?" त्यानं विचारलं. "पट्टी उससे लंबी होना. चौकट में भी थोडी जाती."

मी खिशातून सुतळी काढली. बायकोनं घडी घातलेली होती तशीच, चार पदरी, टोकाला गाठ. खिळ्यावरून काढताना मी ती उलगडलीसुद्धा नव्हती. तिचं माप आयुष्यात कधी चुकलं नाही. त्यानं टेप लावली.

"उन्नीस इंच. ये मोटाईच है ना, काका?"

"मग काय माझ्या बायकोनं झाडाची उंची मोजली असेल काय सुतळीनं?"

बिचाऱ्यानं टेप गुंडाळली. धाकट्या मशीनला बसेल तेवढी लांबात लांब पट्टी त्यानं लावून दिली, चौकट दिली, फाडण्यासाठीची वेगळी चेन दिली. उभ्या रेषेत फाडायला दात वेगळे घासलेले लागतात, साध्या चेननं नुसतं पीठ पडतं आणि इंजिन तापतं, हे त्यानं मला समजावून सांगितलं आणि मी ते मुकाट्यानं ऐकलं. पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते सांगायला लागला तेव्हा मात्र मी त्याला हातानंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ती गेल्यावर पहिल्यांदाच, मी ओंडक्याजवळ गेलो. उन्हानं लाकूड राखाडी पडलं होतं, पण हात फिरवला तर टणक. मी त्याच्यावर शिडी आडवी बांधली. पहिला काप सरळ यावा म्हणून चौकट अशा सपाट गोष्टीवरून सरकवावी लागते. चौकट आवळली, मशीन चालू केली. आवाज काय सुंदर! पलीकडच्या भिंतीवरून कंपनीचा वॉचमन डोकावून बघायला लागला. मी ऐटीत मशीन उचलून ओंडक्याच्या तोंडाशी नेली.

पट्टी पलीकडं पोचली नाही.

वीतभर कमी पडली. आधी वाटलं मी तिरका उभा आहे. या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. पोचेना म्हणजे पोचेना. चौकट ही पट्टीच्या दोन्ही टोकांना आवळलेली असते, टोकच लाकडातून बाहेर येत नसेल तर फाडणार काय, कपाळ? मी मशीन बंद केली आणि मग जो सुटलो तो बायकोवर. मोठ्यानं. वॉचमनच्या देखत.

"काय माप घेतलंस गं? आयुष्यभर मला शहाणपणा शिकवलास आणि एवढं एक माप धड घेता येईना तुला? आता मी काय करू? जाऊ पुण्याला? लेकीच्या घरी कोपऱ्यात बसू? बोल की! आता का बोलत नाहीस?"

वॉचमनचं डोकं भिंतीमागं गेलं. मी खिशातली सुतळी काढून ओंडक्यावर आपटली. आपटताना ती उलगडली, चारही पदर सुटले, आणि मला दिसलं की ती चांगली लांबलचक आहे. मी ती उचलली आणि ओंडक्याभोवती फिरवली. एक वेढा, आणि गाठ बरोबर दुसऱ्या टोकाला येऊन टेकली. केसाचाही फरक नाही.

तिनं जाडी मोजलीच नव्हती. गोलाई मोजली होती. सुतार लोक गोल लाकूड तसंच मोजतात, भोवताली सुतळी फिरवून तिची चार पदरी घडी घालायची, आणि त्या चौथाईवरून किती घनफूट माल निघेल याचा हिशोब करायचा. तिच्या माहेरी हे लहान पोरालाही ठाऊक. मलाही तिनं सांगितलं होतं, एकदा नाही, दर वेळी लाकूड घेताना सांगायची. गोलाईची चौथाई म्हणजे जाडी नव्हे, जाडी त्याच्याहून जास्त असते. मी हूं हूं करायचो. मला वाटायचं, ही आहेच की, आपल्याला कशाला लक्षात ठेवायचं.

मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. लपवायचं काय त्यात? ती गेली तेव्हा लोक भोवती होते म्हणून नीट रडता आलं नव्हतं. माणसं म्हणतात, एकटं राहिलं की बोलायला कुणी नसतं. बोलायला कुणी नसलं तरी चालतं, मी ओंडक्याशीही बोलतोच की. "अहो, असं नव्हे ते," असं म्हणणारं कुणी उरलं नाही, त्याचं मला वाईट वाटत होतं. चूक मी करायची आणि कळायचीही मलाच, तीसुद्धा गुलमंडीला हेलपाटा घातल्यावर. घरात दुसरं माणूस असतं तर ती सुतळी मी खिशात घालतानाच हसलं असतं.

दुसऱ्या दिवशी मशीन मोटारसायकलला बांधून परत दुकानात. मी आधीच ठरवलं होतं की त्यानं तोंडातून एक शब्द जरी काढला तरी भांडायचं. त्यानं सुतळी बघितली, माझं तोंड बघितलं.

"लपेट का नाप था," तो म्हणाला.

"व्हय."

"मैं पूछा था ना, काका."

"व्हय, विचारलं होतंस," मी म्हणालो. भांडण तिथंच संपलं.

त्यानं सांगितलं ते असं, की त्या जाडीला लांब पट्टी पाहिजे आणि लांब पट्टी ओढायला थोरलं इंजिन पाहिजे. धाकट्याला लांब पट्टी लावली तर ते दोन दिवसांत बसेल. म्हणजे मी हसून निवडलेली ती गोड आवाजाची मशीन कामाची नव्हती, आणि नापास केलेली थोरलीच घ्यायची होती. मी परत गल्लीत जाऊन तिचा आवाज ऐकला. खडखड, खडखड. पण या वेळी मी रेस वाढवून, दाबून, पुन्हा वाढवून ऐकलं. दम होता. मी आयुष्यभर रिकाम्या इंजिनांचेच आवाज ऐकले, ओझं ओढताना नाही.

"अकेले उठेगा?"

मी ती उचलली आणि धरून उभा राहिलो. दंड भरून आले तरी मी खाली ठेवीना, मग त्यानंच हात लावून खाली उतरवली. मशीन बदलून देताना तो म्हणाला, "मैं इतवारकू आ जाऊँ क्या? दूसरी मूठ पकडने? घर पे बैठकेच रहता मैं."

माणूस मनापासून विचारत होता. "नक्को," मी म्हणालो, "एकट्यानंच करायचंय. लेकीशी तसं ठरलंय."

"हौ," तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं की तसं असेल तर ओंडक्याचं एक तोंड उंच करा. उताराकडं फाडत गेलं की मशीन स्वतःच्या वजनानंच पुढं सरकते, हातांना ढकलावी लागत नाही.

पहारीनं ओंडक्याचं तोंड उचलून खाली दगड सरकवायचं, हे एकट्याला सांगायला सोपं आहे. पहार दाबून धरायची आणि दगडही आपणच सरकवायचा. हात दोनच. शेवटी मी पहारीवर बसलो आणि पायानं दगड लोटले. कुणी बघितलं असतं तर हसून मेलं असतं. वॉचमननं बघितलं असेल, पण त्या दिवसापासून तो भिंतीवरून डोकं काढत नव्हता.

मग फाडायला लागलो. सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी भोंगा झाल्यावर. चेन लाकडात शिरली की लांब लांब लालसर तंतू बाहेर पडायचे आणि लिंबाचा तो कडू वास नाकात भरायचा. कानाला बोळे, तोंडाला टॉवेल. खरा त्रास मशीनचा नव्हताच. चीर थोडी पुढं गेली की वरची फळी खाली बसते आणि पट्टी धरते. म्हणून चिरेत पाचर ठोकावी लागते, आणि पाचर पलीकडच्या बाजूनंही ठोकावी लागते. मशीन बंद करायची, ठेवायची, ओंडक्याला वळसा घालून पलीकडं जायचं, ठोकायचं, परत यायचं, दोरी ओढायची. दोन पावलं फाडलं की परत वळसा. एकट्यानं लाकूड फाडणं म्हणजे निम्मं काम चालण्याचंच. पलीकडं नुसतं कुणीतरी उभं असतं, हातात हातोडी घेऊन, तर ते काम निम्म्या दिवसांत झालं असतं. प्रत्येक वळशाला मला हे आठवायचं आणि प्रत्येक वळशाला राग यायचा. त्या रागावरच मी ते लाकूड फाडलं, खरं सांगतो.

मधे एकदा पाठ धरली. दोन दिवस बाजेवरून उठता येईना. लेकीला कळवलं नाही. कळवलं असतं तर ती त्याच पायी गाडी घेऊन आली असती. तिसऱ्या दिवशी कण्हत उठलो, कानस घेऊन चेनचा एकेक दात घासला आणि पुन्हा लागलो.

मृग लागायच्या आत शेवटची फळी निघाली. मी त्या रचून, मधे पट्ट्या घालून सावलीत वाळवल्या. मग रंधा मारला, बाभळीचे पाय केले, चौकट ठोकली. तखत पत्र्याखाली अंगणात मांडलं. सहा जणांचं म्हणाली होती, ते बरोबर सहा जणांचं झालं. सांधे थोडेच, आणि तेही असे बसले की नख शिरत नाही.

दुपारी त्याच्यावर आडवा झालो. आधी मधोमध झोपून बघितलं. चहूकडं लाकूडच लाकूड, बरं वाटेना. मग कडेला सरकलो, जिथं मी नेहमी झोपायचो त्या बाजूला. तिथंही बरं वाटेना. उठून बसलो. मला वाटलं होतं झालं की मी ओरडेन, नाचेन, गावात जाऊन चार लोकांना बोलवीन. प्रत्यक्षात मी तसाच बसून राहिलो. लाकूड एकट्यानं फाडता येत होतं. सगळंच एकट्यानं करता येत होतं मला, आणि मला काही त्याचा आनंद झाला नाही.

रविवारच होता. फोन लेकीचाच आला.

"कुठवर आलं अण्णा?"

"झालं. तखत झालं. त्याच्यावरच बसलोय."

ती म्हणाली, "फोटो पाठवा." पाठवला. पलीकडून मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"आईला पाहिजे होतं अगदी तसंच झालंय," ती म्हणाली. "जिंकलात तुम्ही. मी शब्द दिला होता. आता पुण्याचं नाव काढणार नाही."

"हं."

मग तिनं पाठ कशी आहे विचारलं, गोळ्या घेता का विचारलं, विहिरीला पाणी किती विचारलं. मी सगळ्याला बरं आहे म्हणालो. एरवी या ठिकाणी ती म्हणायची, या ना अण्णा इकडं, आणि मी खेकसायचो, आणि मग आमचा अर्धा तास भांडणात मजेत जायचा. आज ते ठिकाण आलं आणि तसंच गेलं. ती म्हणाली, "ठेवू मग?"

"थांब," मी म्हणालो.

"काय झालं?"

"विचार की."

"काय विचारू?"

"तेच. दर रविवारी विचारतेस ते."

"अहो, पण आपलं ठरलंय ना? तुम्हीच म्हणाला होतात..."

"म्हणालो असेन. विचार तू."

तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अण्णा, पुण्याला येता का?"

"नाय येत!" मी ओरडलो. "सतरांदा सांगितलं तुला!"

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि मीही. मग नाक पुसून तिनं विचारलं, "पुढच्या रविवारी परत विचारू?"

"विचार," मी म्हणालो. "त्याच्या पुढच्या पण विचार."